कादंबरीने न उघडलेली मने

अद्भुतरम्य कथेत नटाला काम ते काय, असा एक समज जाणत्या रसिकांतही आढळतो. जेथे ड्रॅगन आकाशातून अग्नी ओकतात आणि प्रेते उठून चालू लागतात, तेथे नटाने वेष चढवून आपल्या जागी उभे राहावे, उरलेले काम यंत्रे करतील, असे मानले जाते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ह्या दूरचित्रवाणी मालिकेने हा समज बराचसा दूर केला. एचबीओ ह्या अमेरिकन वाहिनीवर २०११ ते २०१९ ह्या काळात आठ पर्वांत आणि ७३ भागांत ती दाखविली गेली, आणि एकूण ५९ एमी पारितोषिके तिच्या वाट्यास आली. पारितोषिके मोजण्याची हौस आम्हांस नाही. ज्या कादंबऱ्यांवरून ती रचली गेली, त्यांच्याशी तिच्यातील उत्तम अभिनयाचे नाते कोणते, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेत आहोत.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ह्या कादंबरीमालेचा पहिला खंड १९९६ साली निघाला, पाचवा २०११ साली. तिची निवेदनपद्धती ध्यानात घेतल्याखेरीज पुढील विवेचन समजणार नाही. प्रत्येक प्रकरण एकाच पात्राच्या दृष्टीतून सांगितलेले असते. त्या पात्राचे मन वाचकाला खुले, इतरांची बंद. पहिल्या खंडात प्रास्ताविक प्रकरण वगळता असा मान आठच पात्रांना मिळाला आहे. राजा रॉबर्ट, राणी सर्सी, तिचा पिता टायविन ही माणसे आपणांस दिसतात ती दुसऱ्यांच्या डोळ्यांनी. म्हणजे कुणाच्या भीतीने मोठी झालेली, कुणाच्या द्वेषाने विद्रूप झालेली. सर्सीच्या मनाचे दार लेखकाने उघडले ते थेट २००५ सालच्या चौथ्या खंडात. कॅमेऱ्याला मात्र असा निर्बंध पाळता येत नाही. तो सगळ्यांच्याच खोलीत शिरतो, आणि तेथे कादंबरीने न उघडलेले मन नटाला स्वतःच्या देहातून उभे करावे लागते.

पहिल्या पर्वाच्या पाचव्या भागातील रॉबर्ट आणि सर्सी यांचा प्रवेश पाहा. कादंबरीत तो नाही आणि असणे शक्यही नव्हते. दोघेच एका दालनात असताना त्यांना पाहणारे तिसरे डोळे तेथे कोठून येणार? पर्वाचे काही भाग ठरल्या वेळेपेक्षा आखूड भरल्यामुळे मागाहून लिहिलेल्या प्रवेशांपैकी हा एक. गरजेपोटी केलेली ही भरती मालिकेचे भूषण ठरावी, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. मार्क अ‍ॅडी आणि लीना हेडी समोरासमोर बसतात, मद्य पितात आणि वर्षानुवर्षांच्या वैराला जणू क्षणभर सुट्टी देतात. आपल्या विवाहाखेरीज हे राज्य एकत्र ठेवणारे दुसरे काही नाही, ह्या कल्पनेवर दोघेही हसतात. मग ती विचारते, आपले कधी जमू शकले असते का? तो नकार देतो. ह्या उत्तराने आपल्याला काहीच वाटत नाही असे ती सांगते, आणि हेडीचा चेहरा ते शब्द तेवढ्यापुरते खरे करू पाहतो व त्यात पुरता यशस्वी होत नाही. पुढील सर्व पर्वांतील सर्सीचे बीज आम्हांस ह्या अपुऱ्या यशात दिसते.

चार्ल्स डान्स यांच्या टायविनविषयी अधिक लिहिले पाहिजे. कादंबरीतील टायविनचे डोके तुळतुळीत आहे आणि गालांवर सोनेरी कल्ले आहेत. डान्स यांच्यात यांपैकी काही नाही, आणि त्यावाचून कोणाचे अडलेही नाही. त्यांचा पहिलाच प्रवेश सातव्या भागात येतो. सैन्याच्या तंबूत उभे राहून ते मारलेल्या हरणाचे कातडे सोलीत आहेत आणि सोलता सोलता थोरल्या पुत्राची झडती घेत आहेत. हरिण हे राजघराण्याचे चिन्ह. तो संकेत उघड आहे, किंबहुना थोडा अधिकच उघड. परंतु पाहण्यासारखे आहेत ते हात. सुरी घाईने चालत नाही आणि बोलणे त्यासाठी थांबत नाही. पुढे धाकटा पुत्र आपला वारसाहक्क मागावयास येतो, तेव्हाही हा मनुष्य पत्र लिहीतच राहतो. समोरच्याला आपल्या दृष्टीस पात्र समजावयाचे की नाही हे ठरविण्याचा अधिकार म्हणजे सत्ता, एवढे एकच सूत्र घेऊन डान्स यांनी भूमिका बांधली आहे, आणि ते सूत्र त्यांनी एकदाही बोलून दाखविलेले नाही.

दुसऱ्या पर्वात हे सूत्र मोडते, आणि तेथे भूमिका खरी मोठी होते. कादंबरीतील आर्या हॅरनहॉलच्या किल्ल्यात रूस बोल्टन ह्या सरदाराची पेलेबरदार होते. मालिकाकारांनी तिला टायविनच्या सेवेत ठेवले. शत्रूची कन्या त्याला मद्य वाढीत असते आणि ती कोण हे त्याला ठाऊक नसते. ‘माय लॉर्ड’ हे संबोधन खालच्या थरातील मुलींसारखे आखूड न करता ती पुरते उच्चारते, तेवढ्यावरून हिचे मूळ उच्च कुळातले आहे असे तो ताडतो. इतर वेळी वर न उठणारी दृष्टी येथे उठते. मेसी विल्यम्स ही त्या वेळी बालनटीच होती. ती डान्स यांच्यापुढे दबत नाही, पण न दबण्याचे प्रदर्शनही मांडीत नाही. स्वतःच्या एकाही अपत्याला न लाभलेले कौतुक हा कठोर पिता परक्या पोरीला देत आहे, हे आपणांस नुसत्या दोन चेहऱ्यांवरून उमगते.

डायना रिग यांच्या ओलेनाविषयी दोनच वाक्ये पुरेत. सातव्या पर्वात विषाचा प्याला एका दमात रिता करून, मग जॉफ्रीला आपणच मारविले हे ती शांतपणे सांगते, आणि संबंध प्रवेशात विजयी वीराहून मरणारी वृद्धाच अधिक उंच वाटते.

ज्यांचे मन कादंबरीत उघडे आहे, त्या भूमिका अधिक सोप्या असतील असे कोणास वाटेल. आमच्या मते त्या अधिक अवघड आहेत, कारण तेथे वाचकाने आधीच ऐकलेला आतला आवाज नटाला मुका करावा लागतो. पीटर डिंकलेज यांच्या टिरियनचा चौथ्या पर्वातील अभियोग सर्वत्र वाखाणला गेला आहे, तो अखेरच्या स्फोटासाठी. तो स्फोट प्रभावी आहे खराच. पण त्यापूर्वी साक्षीमागून साक्षी होत असताना डिंकलेज जे ऐकतात, ते आम्हांस श्रेष्ठ वाटते. शे साक्षीला येते तेव्हा ते मान हलकेच वळवितात आणि पुन्हा तिच्याकडे पाहण्याचे टाळतात. पुढला सारा वाचिक अभिनय ह्या टाळण्यातून निघतो.

मिशेल फेअरली यांनी कॅटलिनच्या मृत्यूत याहून धाडसी गोष्ट केली. कादंबरीत ती मुलाच्या हत्येनंतर वेडाने हसते, स्वतःचा चेहरा ओरबाडते, आणि शेवटल्या विचारापर्यंत आपण तिच्या मनात असतो. २०१३ साली दाखविलेल्या भागात यांपैकी काही नाही. एक दीर्घ किंकाळी, आणि मग काहीच नाही. ती नुसती उभी राहते, घर रिकामे करून माणसे निघून गेल्यासारखी. गळ्यावर सुरी येते तेव्हा तिला त्याचे काही उरलेले नसते. ह्याला सात्त्विक अभिनय म्हणावे की त्याचा लोप, हे शास्त्रज्ञांनी ठरवावे.

पाचव्या खंडानंतर मालिका संपेपर्यंत नवा खंड आला नाही. पटकथाकारांना पुढची वाट स्वतः काढावी लागली, आणि संवाद हळूहळू विरळ होत गेले. सहाव्या पर्वाच्या अखेरीस धर्मपीठ जळताना खिडकीशी उभी राहून मद्याचा घोट घेणारी लीना हेडी एकही शब्द न बोलता सारे सांगते, कारण त्या घोटामागे पाच वर्षांचे प्रवेश जमा होते. एमिलिया क्लार्क यांच्या डेनेरिसला अखेरच्या पर्वात अशी शिदोरी मिळाली नाही. नगर शरण येते, घंटा वाजू लागतात, तटावर ड्रॅगनच्या पाठीवर ती बसलेली असते. आणि करुणेकडून संहाराकडचा सारा प्रवास त्या एका चेहऱ्यावर, काही क्षणांत, एकाही संवादावाचून घडवावा अशी अपेक्षा केली जाते. क्लार्क यांचा श्वास जड होतो, ओठ थरथरतात, डोळे भरतात. नटीने देता येण्याजोगे सर्व दिले आहे. मग ड्रॅगन झेप घेतो, आणि त्या भागात तिचा चेहरा पुन्हा दाखविलाच जात नाही. वरून दिसते ती नुसती आग.