बोरूचा कत आणि पानभर अक्षर

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. बोरू देशोदेशीचे आणावेत, बारीक, सरळ आणि टणक निवडावेत, असे ते सांगतात. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे हवे, हेही सांगतात. पण तिथे न थांबता लगेच ओळीकडे आणि ओळीवरून पानाकडे वळतात. एका ओळीने दुसरीला शिवू नये. पोथीचे पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच लेखणीने लिहिल्यासारखे दिसावे. तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण तेच म्हातारपणी वाचायचे असते. चहूकडून जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झिजल्या तरी अक्षर झिजत नाही. लिहिणाऱ्याच्या हाताबद्दल इतके नेमके मराठीत क्वचितच कुणी लिहिले असेल.

आजच्या मराठी सुलेखनाकडे पाहताना मला हा समास वारंवार आठवतो. ही कला आज मरगळलेली नाही. सुलेखनाचे वर्ग भरतात, प्रदर्शने होतात, लग्नपत्रिकांपासून पुस्तकांच्या मुखपृष्ठांपर्यंत हाताचे अक्षर दिसते. सुलेखनकार अच्युत पालव यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा अक्षराच्या वाटेने चालणाऱ्या प्रत्येकाला तो आपलाच सन्मान वाटला, आणि तसे वाटणे योग्यच होते. तरीही माझी तक्रार आहे. आपण अक्षर काढायला शिकलो आणि लिहायला विसरलो. कॅनव्हासवर एक भव्य ‘अ’ उभा करणारे हात पुष्कळ आहेत. बोरू किंवा टाक हातात घेऊन एका वळणाचे पान लिहिणारे हात शोधावे लागतात.

हा फरक निव्वळ आकाराचा नाही. कमल शेडगे यांनी नाटकांची आणि चित्रपटांची जी शीर्षके केली, ती मराठी डोळ्याच्या घडणीचा भाग आहेत. पण ते काम रेखाटनाचे होते. अक्षराचा बांधा आधी मनात ठरवायचा, पेन्सिलीने आखायचा, मग भरायचा. त्या शिस्तीचे मोल मोठे आहे आणि शेडग्यांच्या तोडीचे रेखाटन आज कमीच दिसते. लेखणीचे अक्षर मात्र दुसऱ्या जातीचे. तिथे रेघेची जाडी लेखणीच्या कापातून येते आणि डौल हाताच्या गतीतून. खोडायची सोय नाही. एकच अक्षर पानात चाळीस वेळा येते आणि चाळीसही वेळा ते शेजारच्या अक्षराशी जमवून घ्यावे लागते.

र. कृ. जोशी यांना हे दोन्ही प्रांत नीट ठाऊक होते. विंडोजवरचा ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट त्यांचाच. संगणकाच्या पडद्यासाठी अक्षर घडवणारा हा माणूस सुलेखनकार होता, कवी होता, पवईच्या आयआयटीत शिकवत होता. २००८ मध्ये ते गेले. त्यांच्यानंतर अक्षररचनेची, म्हणजे टाइप डिझाइनची, मराठी शाखा चांगली फोफावली. तरुण मंडळी देवनागरीचे उत्तम फॉन्ट करत आहेत. लेखणीची शाखा मात्र चित्रकलेकडे सरकत गेली.

याचे एक कारण शिक्षणात आहे. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत अक्षरलेखन भूमितीच्या जोडीला बसवलेले. पट्टी, चौकटी, मोजलेली जाडी. मुलाच्या मनात तिथेच पक्के होते की सुंदर अक्षर म्हणजे आखलेले अक्षर. पुढे तो सुलेखनाच्या कार्यशाळेला जातो. अशा एका कार्यशाळेत मी दोन दिवस बसलो होतो. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत उभ्या-आडव्या रेघा झाल्या, संध्याकाळी स्वर, दुसऱ्या दिवशी रुंद ब्रशने ‘मुक्त आविष्कार’. प्रत्येक जण एकेक फ्रेम करण्याजोगे चित्र घेऊन घरी गेला. सगळे खूश होते, शिकवणाराही मनापासून शिकवत होता. पण कित्ता कुणी गिरवला नाही. ‘कित्ता’ हा शब्द दोन दिवसांत एकदाही कानावर पडला नाही.

कत म्हणजे काय, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. बोरूचे टोक तासून, मधोमध चीर देऊन, शेवटी जो तिरपा काप घेतात तो कत. देवनागरीचा कत रोमनच्या उलट कलाचा. रोमन अक्षरात डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरपी रेघ जाड येते. देवनागरीत उजवीकडून डावीकडे उतरणारी. म्हणून परदेशी रुंद निबांचा संच आणून सरळ देवनागरी लिहायला बसले की हात अवघडतो, मनगट वळवावे लागते आणि अक्षराचे वजन चुकीच्या जागी पडते. तेवढ्यावरून ‘आपल्याला जमत नाही’ असे ठरवून लेखणी खाली ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत. दोष हाताचा नसतो, कताचा असतो. पहिल्या तासाला चाकू आणि बोरू हातात द्यावा, अक्षर नंतर यावे, असे माझे ठाम मत आहे.

कागद-शाईचेही तेच. काजळ आणि बाभळीचा डिंक खूप वेळ खलून केलेली शाई घोटलेल्या कागदावर बसते, आत शिरत नाही. म्हणून जुन्या पोथीतली रेघ आजही धारदार आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची परंपरा आहे, पण सुलेखन शिकणारा कागद घेतो तो झेरॉक्सच्या दुकानातला. त्यावर शाई फुटते, रेघेला केस येतात, आणि शिकणारा बिचारा आपल्या हाताला बोल लावतो.

आता मोडीबद्दल, कारण माझ्या मते या कलेचा सगळ्यात श्रीमंत आणि सगळ्यात दुर्लक्षित कोपरा तोच आहे. मोडी ही वेगाची लिपी. आधी पानभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि तिच्याखाली हात न उचलता अक्षरे सोडत जायची. शब्दांत अंतर नाही, इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. कारकुनाचा हात थांबू नये यासाठी ही सगळी व्यवस्था. आणि या घाईतूनच तिचा अलंकार जन्मला. एका अक्षराचा शेवट पुढच्याची सुरुवात शोधत वळसा घेतो, आणि तो वळसाच शोभा होतो. पेशवाईत तर चिटणिसी, बिवलकरी अशी हातांची वळणे नावाने ओळखली जात. पालवांनी तरुणपणी मोडीचा अभ्यास केला आणि त्यातून देवनागरी व मोडी यांना जवळ आणणारी ‘मुक्तलिपी’ उभी केली. एका सुलेखनकाराने जुन्या हातांपाशी बसून नवे काय मिळवता येते, याचा तो मराठीतला ठळक दाखला.

मग बोरू गेला आणि टाक आला. इंग्रजी अमलातली मोडी पोलादी निबाने लिहिलेली आहे: सडपातळ, पळती. अभ्यासक तिला उतरती कळा मानतात, कारण ती वाचायला फार जड. मी मात्र या पानांकडे वेगळ्या नजरेने पाहतो. टोकदार निबावर दाब दिला की त्याचे दोन पाय फाकतात आणि रेघ फुगते, दाब काढला की केसासारखी होते. हा श्वास या कागदांत जागोजागी दिसतो. आज पुण्या-मुंबईतले तरुण टोकदार निबाने कॉपरप्लेट शिकतात, हौसेने लग्नाची पाकिटे लिहितात. ते त्यांनी जरूर करावे. पण त्याच निबाने लिहिलेली आपल्याच भाषेची लपेटदार लेखनपरंपरा आजोबांच्या ट्रंकेतल्या खरेदीखतात पडून आहे, हे त्यांना कुणी सांगितलेले नाही. १९१७ साली मुंबई सरकारने कारभारासाठी मोडीऐवजी बालबोध, म्हणजे देवनागरी, घेण्याचे ठरवले, तरी मोडी पुढे काही दशके शाळांत आणि दप्तरांत चालत राहिली. म्हणजे ही परंपरा फार लांबची नाही.

मोडी शिकण्याची सोय आज आहे. राज्याचे पुराभिलेख संचालनालय प्रशिक्षण देते, इतिहासप्रेमी मंडळे वर्ग घेतात, २०१४ पासून मोडी युनिकोडमध्येही आहे. पण हे सारे शिक्षण वाचनाचे. दप्तरखान्यांत कागदांचे ढीग पडलेले असताना वाचकांची गरज आधी, हे मान्य. तरी ज्याने कधी मोडी लिहिली नाही, त्याला ती अडखळतच वाचता येते. हाताला वळण कळले की डोळ्याला जोड कळते.

रोजच्या कामाचा हात मागे पडण्याचे हे वळण अमेरिकेतही आले होते. तिथे प्लॅट रॉजर्स स्पेन्सर (१८००–१८६४) यांच्या नावाची लेखनपद्धती व्यापारी पेढ्यांची होती. हिशेबनिसाचा हात आधी साधा, पळता, अचूक करायचा. त्याच्या डोक्यावर मग लुई मदाराससारख्यांनी लपेटींची आरास चढवली. १८८८ साली कोलंबस शहरात झेनर नावाच्या सुलेखनकाराने या विद्येची शाळा काढली. टाइपरायटरने त्या हातांची नोकरी खाल्ली. १९४९ साली उरलेल्या जाणकारांनी संघटना बांधली, आणि आजही तिथला नवशिका आधी पानेच्या पाने लंबवर्तुळे गिरवतो. लपेट शेवटी येते. तुर्कस्तानात हुस्न-ए-खतचा, म्हणजे अरबी लिपीतल्या सुलेखनाचा, विद्यार्थी गुरूने दिलेला कित्ता वर्षानुवर्षे लिहून आणतो आणि गुरूने इजाजत दिल्यावरच आपल्या कामावर सही करतो. २०२१ मध्ये युनेस्कोने ती परंपरा आपल्या यादीत घेतली. दोन्हीकडे चांगल्या हाताची पाने शिकणाऱ्यासमोर ठेवलेली असतात.

आपल्याकडे ‘वळण’ हा शब्दच दोन अर्थांचा आहे, अक्षराचा आणि वागण्याचा. जुन्या पंतोजींना दोन्ही एकाच पाटीवर लावता येत. धूळपाटीकडे परत जा, असे मी म्हणत नाही. पण प्रत्येक सुलेखन वर्गाने निदान एक जुना हात निवडावा, चिटणिसी मोडीचा किंवा एखाद्या बालबोध पोथीचा, आणि वर्षभर त्याचाच कित्ता गिरवून घ्यावा. प्रदर्शन भरवणाऱ्यांनाही एक विनंती आहे: एक भिंत फक्त पानांसाठी ठेवा. एकेका लिहिणाऱ्याचे, एका बैठकीत, बोरूने किंवा टाकाने लिहिलेले, न खोडलेले एकेक पान. आणि तुमच्या घरी मोडीतला जुना कागद असेल, तर तो रद्दीत घालण्याआधी जवळच्या सुलेखन वर्गात एकदा दाखवून या.