नकाराचं अक्षर

परीक्षेच्या आदल्या दिवशी नात इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक घेऊन माझ्याजवळ बसली. विरुद्धार्थी शब्दांचा धडा. हॅपी–अनहॅपी, पॉसिबल–इम्पॉसिबल, व्हायोलन्स–नॉन-व्हायोलन्स. पाठ म्हणून झालं आणि म्हणाली, "आज्जी, मग आपली अहिंसा म्हणजे नुसतं काही न करणं? मी आत्ता झोपले तरी अहिंसा झाली की!"

मी हसले खरी, पण ते डोक्यातनं जाईना. पोरीचं काही चुकलं नव्हतं. धडाच तसा आहे. शब्द घ्या, पुढं नकार चिकटवा, अर्थ उलटा झाला. बेरीज-वजाबाकीसारखं.

हा हिशेब कुठं कुठं फसतो ते बघा. गॅसच्या टँकरवर 'इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं. धड्याप्रमाणं ते 'न पेटणारं' व्हायला हवं. आहे 'झटकन पेटणारं'. तिथला 'इन्' नकाराचा नव्हेच, तो 'आत' या अर्थाचा लॅटिन 'इन्' आहे. लोकांचा घोटाळा होऊन भलतंच काही घडू नये म्हणून पुढं नुसतं 'फ्लेमेबल' लिहायची पद्धत आली. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, आणि धडा त्यांना विरुद्धार्थी ठरवणार.

दुसरं म्हणजे, कित्येक शब्दांत नकार असा विरघळलाय की दिसतसुद्धा नाही. 'एनिमी' म्हणजे लॅटिनमध्ये 'न-मित्र', आपल्या 'अमित्र'सारखाच. 'इन्फन्ट' म्हणजे न बोलणारं मूल. 'अनकाउथ' म्हणजे मुळात नुसतं 'अनोळखी', आणि अनोळखी माणूस गावंढळच असणार असं धरून पुढं त्याचा अर्थ 'गावंढळ' झाला. क्रिकेटातला 'अंपायर' जुन्या फ्रेंचमधनं आला. 'नॉन-पेअर', म्हणजे दोघांच्या जोडीत न बसणारा तिसरा. इंग्रजीत 'अ नंपायर'चं 'अॅन अंपायर' झालं आणि पुढचा 'न' गळाला. आपण उठता-बसता म्हणतो तो 'नाइस' तर 'न जाणणारा' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासनं आलाय. पूर्वी इंग्रजीत 'नाइस बाई' म्हणजे मूर्ख बाई! साडीला नाइस म्हणताना मला आता जरा चाचरायला होतं.

इंग्रजीचा 'अन्', लॅटिनचा 'इन्', ग्रीकचा 'अ' आणि आपल्या संस्कृतातला 'अ' किंवा 'अन्' ही सगळी एकाच आजीची नातवंडं. हजारो वर्षांपूर्वीच्या एका मूळ भाषेतलं ते अक्षर. तेव्हा हे परक्यांचं व्याकरण आहे असं म्हणून सुटता येत नाही.

पण मला खरं थांबायचंय ते 'इनोसंट' या शब्दापाशी. त्यात पुढं नकाराचा 'इन्' आणि मागं 'नोकेरे', म्हणजे इजा करणं. इनोसंट म्हणजे इजा न करणारा. आपल्या 'अहिंसक' शब्दाचीही हीच घडण. अक्षराला अक्षर ठेवून बघा. म्हणजे अहिंसेसाठी इंग्रजीत शब्द शेकडो वर्षं तयार होता. फक्त वापरून वापरून त्याचा अर्थ 'निरपराध', मग 'भोळा', मग 'काही न कळणारा' असा उतरत गेला. इजा न करणारा माणूस जगाला बावळट वाटायला लागला, असंच म्हणा ना.

मग अहिंसेला 'नॉन-व्हायोलन्स' हे नाव रूढ झालं ते गांधीजींच्या चळवळीच्या काळात. त्यात 'व्हायोलन्स' म्हणजे जोर, बळजबरी. म्हणजे मारहाण नाही, दंगा नाही. चळवळीला ते पुरेसं होतं. तरी दक्षिण आफ्रिकेत 1906 साली सुरू झालेल्या लढ्याला 'पॅसिव्ह रेझिस्टन्स' हे नाव गांधीजींना पटेना, म्हणून त्यांनी 'सत्याग्रह' शब्द पुढं आणला. 'पॅसिव्ह'मधला थंडपणा त्यांना खटकला. तोच थंडपणा 'नॉन-व्हायोलन्स'मध्ये उरला, असं माझं मत आहे.

कारण आपल्याकडं हिंसेची व्याख्याच वेगळी. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसा सांगताना आधी प्रमाद येतो, म्हणजे बेफिकिरी, आणि मग प्राण घेणं. मग अहिंसा म्हणजे काय? लक्ष. पाय टाकताना, बोलताना, वस्तू उचलताना-ठेवताना लक्ष. झोपून राहिल्यानं ती होत नाही. त्याच ग्रंथात व्रतं सांगताना असत्याला 'अनृत' आणि पाचव्याच्या आधीच्या दोषाला 'अब्रह्म' म्हटलंय. नकाराचं अक्षर तिथं दोषाला लागलंय, गुणाला नाही! अक्षर बघून रिकामं कोण आणि भरलेलं कोण हे ठरवता येत नाही.

आणि हे लक्ष घरात कुणी ठेवलं? माझ्या सासूबाई पहाटे पाणी गाळायच्या. दुहेरी कपडा, सावकाश धार, आणि कपड्यातले जीव ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत. पावसाळ्यात तांदूळ, डाळी, पीठ रोज निवडायचं, चाळायचं. दिवस मावळायच्या आत सगळ्यांची ताटं उचललेली. चौदा-पंधरा तासांचं काम हो हे. आपल्या देशाच्या जनगणनेत घरकाम करणारी बाई 'नॉन-वर्कर' मोजतात. इथंही तोच 'नॉन्'. दिवसभर अहिंसा करणारी बाई कागदावर दोनदा रिकामी. तिचं व्रत 'नॉन', तिचं काम 'नॉन'.

शब्द बदलून जनगणना बदलत नाही हे मला कळतं. 'नॉन-व्हायोलन्स' काढून 'इनोसन्स' घाला असंही मी म्हणत नाही, लोक हसतील. पण धडा लिहिणाऱ्यांनी एवढं तरी करावं, की काही शब्दांपुढं लावलेलं अक्षर वजाबाकीचं नसतं हे मुलांना एका ओळीत सांगावं. ती ओळ त्या पुस्तकात कुठंच नाही.

नातीनं परीक्षेत 'नॉन-व्हायोलन्स' लिहिलं, पूर्ण गुण मिळाले. संध्याकाळी मी पाणी गाळत होते तेव्हा येऊन उभी राहिली. "आज्जी, म्हणजे हे इनोसंट पाणी?"

मी तिच्या हातात कपड्याचं एक टोक दिलं आणि घट्ट धर म्हटलं.