ताऱ्यामागे जे उरते

आपल्या मासिकांत ताऱ्यांवर लेख लिहिणाऱ्यांची एक जुनी खोड आहे. तारा फुटला, की ते त्याचे अंत्यविधी उरकून घेतात. ‘ताऱ्याचा मृत्यू’ असा मथळा, अखेरीस जीवनाच्या क्षणभंगुरतेवर दोन वाक्ये, आणि लेख संपला! वस्तुतः खरी कथा सुरू होते ती तेथूनच.

वृषभ राशीच्या एका शिंगाच्या टोकाजवळ एक विरळ ढग आहे. ४ जुलै १०५४ रोजी चिनी ज्योतिष्यांनी त्या जागी एक नवाच तारा पाहिला. तेवीस दिवस तो भर दिवसा दिसत होता आणि रात्री जवळजवळ दोन वर्षे. त्याच्या चिंध्या म्हणजे हा ढग. साडेसहा हजार प्रकाशवर्षांवर असलेला हा पसारा सेकंदाला सुमारे दीड हजार किलोमीटर वेगाने आजही पसरतो आहे. मधोमध उरलेला गाभा रुंदीला अवघा वीसेक किलोमीटर; सोलापूर शहर आणि भोवतालची चार खेडी धरावीत एवढाच. पण वजनात तो सूर्याला भारी आहे आणि सेकंदाला तीस गिरक्या घेतो. १९६८ साली त्याची स्पंदने प्रथम टिपली गेली. याला मृत्यू म्हणावयाचे तर जिवंत कोणाला म्हणावे?

या ढगाचे आम्ही बारसे केले तेही अजब. इंग्रजीत तो खेकडा. आम्ही त्याला पुष्कळदा ‘कर्क अभ्रिका’ म्हणतो. मग भाबडा वाचक कर्क राशीत शोधीत बसतो, आणि ढग असतो वृषभेत! सरळ ‘खेकडा’ म्हणावयास आम्हांला लाज का वाटावी?

डॉ. जयंत नारळीकरांना (१९३८–२०२५) मात्र हे मर्म उमगले होते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने एक कथा आली आणि बक्षीस घेऊन गेली. नावाची आद्याक्षरे उलटी वाचली म्हणजे लेखक सापडतो. कथेचे नाव ‘कृष्णविवर’. प्रचंड तारा कोसळल्यावर जे उरू शकते, तेच तेथे मथळ्यावर आहे. अवशेषातून गोष्ट काढावी हा धडा आमच्या लेखकांनी अजून म्हणावा तसा गिरवलेला नाही.

याच नारळीकरांनी संस्कृतच्या विदुषी सरोजा भाटे यांच्यासह जुन्या भारतीय ग्रंथांतून अशा ताऱ्यांच्या नोंदी धुंडाळल्या. २००१ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. १०५४ च्या ताऱ्याची निःसंशय म्हणावी अशी नोंद काही हाती लागली नाही, आणि त्यांनी ती ओढूनताणून काढलीही नाही. मला हा संयम त्यांच्या कथांइतकाच मोलाचा वाटतो.

कारण मोह आपल्या दाराशीच उभा आहे. सोलापूर जिल्ह्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल येथे शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे; आपल्या भाषेच्या आद्य लेखांत तो गणला जातो. त्याच्या बारा वर्षे आधी, १००६ साली, इतिहासात नोंदलेला सर्वांत तेजस्वी तारा फुटला होता. छत्तीस वर्षांनी खेकड्याचा फुटला. दोन स्फोटांच्या मधोमध मराठी अक्षरे दगडावर उमटली! उद्या कोणी तेथल्या बहुमुखी शिवलिंगाच्या मुखांत तारे मोजू लागला तर नवल नाही. पण त्या लेखात तारा नाही, आणि नाही ते नाहीच.

‘आषाढाचे ढग आडवे आले’ ही सबब पहिल्या महिन्यापुरती खरी. त्या वर्षीच्या दिवाळीतही तो नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. भीमाकाठच्या लोकांनी तो पाहिलाच असणार. मग लिहिला का नाही? मला वाटते, ग्रहणाला दानाचे पुण्य होते, म्हणून ग्रहणे ताम्रपटांत व शिलालेखांत आली. नव्या ताऱ्याच्या नावे कोण जमीन देणार?

यंदा फराळ झाल्यावर, रात्री दहानंतर पूर्वेकडे पाहा. कृत्तिका, खाली तांबूस रोहिणी, आणि तिच्याही खाली शिंगांची दोन टोके. दक्षिणेकडच्या टोकाजवळ लहानशा दुर्बिणीतून एक फिकट डाग दिसेल. छायाचित्रांतले रंग मात्र तेथे शोधू नयेत. आणि शहराच्या झगमगाटापेक्षा कुडलचा काळोख या कामाला अधिक बरा.