नायकाचा एकांत

फ्रेंच फुटबॉलपटु झिनेदिन झिदान याच्या लोकप्रियतेची मीमांसा त्याच्या विजयांवरून करण्याची रूढि आहे. ता. 12 जुलै 1998 रोजीं विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत त्यानें ब्राझीलवर डोक्यानें दोन गोल केले, फ्रान्सनें 3-0 असा जय मिळविला, आणि अल्जीरियांतून पोटासाठीं आलेल्या एका मजुराच्या मुलाची मुद्रा पॅरिसच्या विजयकमानीवर झळकली. परंतु विजयी खेळाडू पुष्कळ होतात, आणि त्यांच्यावरील लोकांचें प्रेम बहुधा विजयाइतकेंच अल्पायुषी ठरतें. झिदानचें तसें झालें नाहीं. तें कां, याचें उत्तर डग्लस गॉर्डन व फिलिप पारेनो यांनीं त्याच्यावर काढलेल्या, 2006 सालच्या, चित्रपटांत आहे असें मला वाटतें.

ता. 23 एप्रिल 2005 रोजीं माद्रिद येथें झालेल्या रेआल माद्रिद व विलारेआल यांच्या सामन्यांत दिग्दर्शकद्वयानें 17 कॅमेरे एकट्या झिदानवर रोखले. त्यामुळें चेंडू बहुतेक वेळ दिसतच नाहीं. दिसतो तो थकलेला, वयाची तिशी ओलांडलेला एक माणूस : चालतांना बुटाचें टोक गवतावर घासणारा, घाम पुसणारा, हजारों लोकांच्या गलबल्यांत अगदीं एकटा. मग एकाएकीं चेंडू त्याच्याकडे येतो, डाव्या बाजूनें तो प्रतिस्पर्ध्यांना हुलकावणी देतो, आणि त्याच्या टोल्यावर रोनाल्डो गोल करतो. क्षणापूर्वींचा शिणलेला इसम हाच कां, असा प्रश्न पडतो. मनमोकळा असा तो हंसतो रोबेर्तो कार्लोसशीं बोलतांना; तेवढेंच.

चित्रपटांत दोष आहेत. पडद्याखालीं उमटणारीं चिंतनपर वाक्यें अनावश्यक आहेत. जो चेहरा इतकें बोलतो त्याला भाष्यकार कशाला? मध्यंतरांतील जगाच्या वार्तांचा तुकडाही मला प्रथम उपराच वाटला. पण इराकमधील बाँबस्फोटाच्या दृश्यांत झिदानच्या नांवाचा सदरा घातलेला एक जण दिसतो, आणि तेथें मात्र मन थबकतें.

सामन्याच्या अखेरीस झटापट होते, झिदान तींत शिरतो, व पंच त्याला मैदानाबाहेर काढतो. हा चित्रपट मे 1 2006 मध्यें नव्हे, तर त्याच महिन्यांत कान येथें दाखविला गेला. पुढें 9 जुलै रोजीं बर्लिनमध्यें, कारकीर्दीच्या शेवटच्या सामन्यांत, इटलीच्या मातेराझ्झीच्या छातीवर डोक्याची धडक देऊन तो पुन्हां तसाच बाहेर गेला. येथें अॅरिस्टॉटलचा प्रमादसिद्धान्त लावण्याचा मोह आम्हां प्राध्यापकांस अनावर होतो. तो आवरलेला बरा. शोकांतिकेंतील नायक प्रमादामुळें सर्वस्व गमावतो. याचें लोकप्रेम मात्र उणें झालें नाहीं. 2012 सालीं आदेल अब्देसमेद या शिल्पकारानें त्या धडकेचाच ब्राँझचा प्रचंड पुतळा केला, आणि तो पॅरिसच्या पाँपिदू कलाकेंद्रासमोर उभा राहिला.