अडकित्ता, सिगार-कटर आणि आपली वकिली

थॉमस अल्वा एडिसनने १८७६ साली मेन्लो पार्कला प्रयोगशाळा थाटली. तो भाग तेव्हा रॅरिटन टाउनशिपमध्ये होता. १९५४ साली त्याच टाउनशिपचं नाव एडिसन झालं आणि पुढे आपल्यापैकी कितीतरी जणांनी तिथे बिऱ्हाडं केली. हा थोर गृहस्थ सिगार ओढायचा, तंबाखूही चघळायचा, पण सिगरेटवर मात्र त्याचा विलक्षण राग. १९१४ साली हेन्री फोर्डला लिहिलेल्या पत्रात त्याने सारा दोष सिगरेटच्या जळणाऱ्या कागदावर ठेवला आणि सिगरेट ओढणाऱ्याला आपण कामावर ठेवत नाही, असंही ठणकावलं. थोडक्यात काय, गुन्हेगार कागद, तंबाखू निर्दोष!

ही वकिली आपल्यालाही परकी नाही, फक्त आपले वकील वेगळे. तंबाखूचं किंवा सुपारीचं वकीलपत्र घ्यायला आपल्याकडे सुंदर वस्तू उभ्या असतात. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात अमेरिकेत सिगारची लाट आली. ‘सिगार अफिशनाडो’ हे गुळगुळीत मासिक १९९२ साली निघालं, आणि सिगारबरोबर कटर, लायटर, लाकडी पेट्या यांचाही बाजार फुलला. त्याचे शिंतोडे आपल्या मंडळींवरही उडाले. न्यू जर्सीत २००६ पासून रेस्टॉरंटमध्ये धूम्रपानाला बंदी आहे, त्यामुळे मैफल घरामागच्या डेकवर सरकली, एवढंच. लग्नात नवऱ्या मुलाच्या मित्रांना नाव कोरलेला सिगार-कटर भेट मिळतो, आणि त्याच रिसेप्शनला जेवणानंतर पानाचं टेबल मांडलेलं असतं. तेव्हा या दोन संस्कृतींची कापायची हत्यारं शेजारी ठेवून एकदा नीट पारखायला हरकत नाही.

आधी सिगार-कटर. हातवळणीच्या सिगारचं तोंडात धरायचं टोक पानाच्या छोट्या टोपीने बंद केलेलं असतं. कापायची ती फक्त टोपी, जेमतेम दोन मिलिमीटर. त्याहून खाली पात गेली की वरचं वेष्टन उलगडायला लागतं. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. पन्नास नंबरची सिगार म्हणजे ५०/६४ इंच, सुमारे वीस मिलिमीटर. तिच्यासाठी चार तऱ्हेची हत्यारं मिळतात. एकपाती गिलोटीन स्वस्त असतं, पण एकाच बाजूने दाब आल्यामुळे दुसऱ्या बाजूचं पान चुरगळतं. दोन पातींचं गिलोटीन दोन्हीकडून सारखं येतं, म्हणून छेद स्वच्छ पडतो. ‘व्ही’ कटर खाच पाडतो, पण त्याच्या पातीला धार लावणं कठीण. पंच टोपीला गोल भोक पाडतो. तो किल्ल्यांच्या जुडग्यात मावतो, पण निमुळत्या टोकाच्या सिगारला निरुपयोगी. अभियंत्याच्या नजरेने पहिला नंबर दोन पातींच्या कटरचा. इथे प्रश्न जोराचा नाहीच, प्रश्न आहे धारेचा आणि वेगाचा.

अडकित्त्यापुढचं गणित नेमकं उलटं. श्रीवर्धनची रोठा सुपारी धारेला भीक घालत नाही, तिला जोर लागतो. अडकित्त्याचा खिळा एका टोकाला, मूठ दुसऱ्या टोकाला आणि सुपारी मधे. शाळेत शिकलेली ही दुसऱ्या प्रकारची तरफ. सुपारी खिळ्यापासून तीन सेंटिमीटरवर आणि मूठ पंधरावर असेल, तर हाताचा जोर सुपारीवर पाचपट पडतो. कात्रीत खिळा मधे असतो आणि बोटांच्या बाजूचा दांडा लांब नसेल तर असा फायदा मिळत नाही. पण अडकित्त्याची खरी कमाल जोरात नाही, ताब्यात आहे. त्याच हत्याराने सुपारी दुभंगते, तिची खांडं होतात, आणि हात बसलेला असेल तर कागदासारखी पातळ कातरणही निघते. गिलोटीन एकच काम करतं आणि संपतं. अडकित्ता हाताचं कसब वाढवत नेतो. हत्यार म्हणून माझं मत बिनदिक्कत अडकित्त्याला.

मग चांगला अडकित्ता ओळखायचा कसा? मिटून उजेडासमोर धरा. धारेच्या पातीत आणि खालच्या दांड्यात फट दिसली तर सुपारी कापली न जाता सटकेल. खिळा हलवून बघा, आडवा डुगडुगता कामा नये. अंग पितळेचं असलं तरी धार पोलादाची हवी. सबंध पितळेचे, मोर-पोपटांचे चकचकीत अडकित्ते भेटवस्तूंच्या दुकानात मिळतात, ते दिवाणखान्यासाठी. सुपारी त्यांना हसेल.

नेमकी हीच पारख संग्रहांमध्ये हरवते, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे. पुण्याच्या बाजीराव रस्त्यावरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. दिनकर गंगाधर केळकरांनी गावोगाव फिरून रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या, आणि तिथले पशुपक्ष्यांच्या, माणसांच्या आकारांचे अडकित्ते पाहून आपण थक्क होतो. इथे हडसन नदीपलीकडे कोलंबिया विद्यापीठात सॅम्युएल आयलेनबर्ग हे मोठे गणिती होते. सॉन्डर्स मॅक लेन यांच्याबरोबर त्यांनी ‘कॅटेगरी थिअरी’चा पाया घातला. आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांना हे नाव ऐकून माहीत असेल. या गृहस्थांनीही अडकित्ते जमवले, आणि हेन्री ब्राउनरिग यांचं त्या संग्रहावरचं पुस्तक १९९२ साली निघालं. दोघांचेही उपकार मोठे आहेत. ते नसते तर ही कितीतरी कारागिरी भंगारात वितळली असती. पण काचेआडचा किंवा छायाचित्रातला अडकित्ता फक्त आकार दाखवतो. किती धारा लावून पात झिजली, खिळा किती सैल झाला, आणि मुख्य म्हणजे तो ज्या तोंडांसाठी चालला त्या तोंडांचं पुढे काय झालं, हे त्यात दिसत नाही. वस्तू सुंदर ठरते आणि तिचं काम पडद्याआड जातं.

बाकीच्या सरंजामाचंही तसंच. ओल्या फडक्यात पानं ताजी ठेवणारा पितळी डबा आणि सुमारे सत्तर टक्के आर्द्रता राखणारी सिगारची पेटी ही सख्खी भावंडं. चुन्याची डबी, चंची, तबक, लायटर, राखदाणी, सारं काही हौसेने घडवलेलं. या हौसेत घरंदाजपणा आहे, आणि धोकाही तिथेच आहे. ज्या गोष्टीला इतका देखणा डबा आहे ती वाईट कशी असेल, असं मन म्हणतं.

ती वाईट आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ साली, म्हणजे सिगारच्या लाटेच्या ऐन भरात, अहवाल देऊन सांगितलं की सिगारमुळे तोंडाचा, स्वरयंत्राचा, अन्ननलिकेचा आणि फुप्फुसाचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीलाच कर्करोगकारक ठरवलं. तंबाखूशिवायचा विडाही त्यातून सुटला नाही. सुपारीने तोंडाच्या आतली त्वचा आखडत जाते आणि शेवटी घास घेण्यापुरतंही तोंड उघडत नाही, हा आजार आपल्याकडच्या डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. महाराष्ट्र सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण ‘गुटखा वाईट, घरचं पान पाचक’ असं म्हणणारे आणि कागदाला दोष देणारा एडिसन यांच्यात फरक काय? पुडी फाडायला अडकित्ता लागत नाही, तिला ना कसब ना घराणं, म्हणून ती आपल्याला किळसवाणी वाटते. आपण निवाडा करतो तो वेष्टनाचा. आतला माल तसाच सुटतो.

याचा अर्थ आजोबांचा अडकित्ता फेकून द्यावा असा नाही. तो ठेवावा, खिळ्याला तेल द्यावं, पातीला गंज चढू देऊ नये. पूजेतली सुपारी अखंडच असते, तिला कापावं लागत नाही. लग्न ठरलं की ‘सुपारी फुटली’ म्हणायलाही ती खावी लागत नाही. इथे वाढणाऱ्या मुलांच्या हातात अडकित्ता द्यावा, तरफेचं गणित समजावून सांगावं, कारागिराचं कौतुक करावं, आणि त्याच बैठकीत हेही सांगावं की या हत्याराने जे कापलं जायचं ते माणसाच्या तोंडाला घातक होतं. दोन्ही गोष्टी एका दमात सांगता येतात, आणि मुलांना त्या समजतात. नाव कोरलेला सिगार-कटर भेट आलाच, तर धार उत्तम असते. पार्सलच्या सुतळ्या कापायला ठेवावा.