दुःखाचा पत्ता

उर्दूच्या तासाला मर्सिया शिकवताना आम्ही मुलांना करबला समजावून सांगतो, हालींनी गालिबवर लिहिलेला मर्सिया सांगतो. पण नवरा किंवा बायको गेल्यावर मागे राहिलेल्याला घर कसे दिसते, हे कोणत्या कवितेतून शिकवावे असा प्रश्न पडतो. म्हणून आम्ही जांनिसार अख्तर यांची 'खाक-ए-दिल' ही नज्म पुन्हा वाचली आणि तिच्या शेजारी त्यांच्या पत्नी सफिया अख्तर यांची पत्रे ठेवली.

सफिया या शायर मजाज यांच्या भगिनी. १९४३ साली त्यांचा निकाह झाला. १९४९ मध्ये जांनिसार मुंबईला आले. सफिया भोपाळच्या हमीदिया कॉलेजात शिकवत, दोन लहान मुले सांभाळत मागे राहिल्या. जानेवारी १९५३ मध्ये लखनऊला त्यांचा इंतकाल झाला. त्यांची पत्रे पुढे 'हर्फ-ए-आशना' आणि 'जेर-ए-लब' या नावांनी प्रसिद्ध झाली.

नज्मेत कवी थेट लखनऊ शहराशी बोलतो. तुझ्या मातीत माझे हृदय पुरून चाललो आहे, असे त्याला सांगतो. दुःख खरे आहे, याबद्दल आम्हांला शंका नाही. पण या दुःखाभोवती बहार आहे, बाग आहे, सकाळचा वारा आहे; सफियाबेगम रोज वावरत होत्या ते घर मात्र नाही. ते घर सापडते त्यांच्या पत्रांत. मुलांचे आजारपण, कॉलेजची नोकरी, पैशांची ओढाताण आणि पत्राची वाट पाहणे, सगळे तिथे आहे.

असे का झाले असावे? आमच्या मते शेवटच्या वर्षांत भोपाळचे ते घर कवीच्या वाट्याला मुख्यतः टपालानेच आले. ज्या घरात आपण राहिलोच नाही, त्याचा कोपरा आपल्याला काय आठवण देणार? म्हणून दुःख ठेवायला त्यांना कबर आणि शहर एवढ्याच जागा उरल्या. हा आरोप नव्हे. पोटापाण्यासाठी घर सोडलेल्या किती तरी पुरुषांची हीच कथा आहे.

आम्हांला 'खामोश आवाज' ही नज्म म्हणूनच अधिक जवळची वाटते. वर्षभराने कबरीपाशी आलेल्या नवऱ्याशी तिथे पत्नी बोलते. भाषा साधी, घरातली. बऱ्याच दिवसांनी प्रवासाहून आलेल्या माणसाची विचारपूस करावी, तसे ती विचारते. इथे कबरीचा उंबरठा होतो, आणि 'खाक-ए-दिल'मध्ये न सापडलेले घर क्षणभर भेटते.

आता आपल्याकडे पाहू. शौहर गेल्यावर बाईला चार महिने दहा दिवस इद्दत असते. तेवढे दिवस ती त्याच घरात, त्याच वस्तूंमध्ये असते. पुरुषाला इद्दत नाही. तो चार दिवसांत कामावर जातो. दुःख कुठल्या खुंटीला अडकले आहे हे त्या बाईला जितके माहीत, तितके कुणाला असणार? आमच्या मोहल्ल्यातल्या एक खाला इद्दत संपल्यावरही कित्येक दिवस चहाचे आधण दोन कपांचेच ठेवत. लक्षात आले की अर्धा चहा मोरीत ओतत आणि कुणाला काही सांगत नसत.

आपल्या मराठी मुस्लिम कवितेत हा ओतलेला चहा अजून फारसा आलेला नाही. वियोग लिहायचा म्हटले की आम्ही सगळेच उर्दूकडून खिजां आणि चमन उसने आणतो. त्यात आम्हीही आहोत. उर्दूवरच्या प्रेमामुळेच हे सांगतो आहोत. उसनवारी करायचीच असेल तर सफियाबेगमच्या पत्रांकडून करावी. आणि त्या खालांना लिहिता येत नसेल, तर त्यांच्या मोरीपाशी जरा वेळ बसून आपण लिहावे.