पत्ता वाचणारे दोघे

धायरीतल्या एखाद्या शाळेच्या वेबसाइटवर पत्ता असतो : धायरी, पुणे ४११०४१. शाळा सिंहगड रस्त्यावरच्या धायरी फाट्यापाशी आहे की आत, जुन्या गावात? पिनकोडवरून हे कळत नाही. १९७२ साली सुरू झालेली ही पद्धत टपाल वाटणाऱ्या कचेरीपर्यंत नेते, आणि हाच क्रमांक शेजारच्या नऱ्हे आणि वडगाव बुद्रुकलाही लागतो. २०१७ मध्ये धायरी पुणे महानगरपालिकेत गेली व पत्त्यातली ग्रामपंचायत कालबाह्य झाली. अक्षांश-रेखांश तेवढे तेच राहिले. म्हणून ते पानावर, आणि यंत्रालाही ओळखता येतील असे, द्यावेत ही कल्पना आम्हाला योग्यच वाटते. आमची तक्रार आहे ती देण्याच्या पद्धतीविषयी.

आधीच्या पद्धतीत हे आकडे पानाच्या शीर्षभागात, वाचकाला न दिसणाऱ्या खुणेत लिहीत. त्यातल्या एका खुणेचे नाव 'आयसीबीएम', म्हणजे चक्क आंतरखंडीय क्षेपणास्त्र! (आपला ठावठिकाणा क्षेपणास्त्राला कळवा, असा तो संगणकवाल्यांचा जुना विनोद.) जे दिसत नाही ते चुकले तरी कोणी दुरुस्त करत नाही. २००५ च्या सुमारास पुढे आलेल्या 'मायक्रोफॉरमॅट'नी हे ओळखले. पानावर दिसणाऱ्या मजकुरालाच 'जिओ', 'लॅटिट्यूड', 'लाँगिट्यूड' अशी ठरलेली वर्गनामे जोडायची. माणूस व यंत्र दोघांनी एकच मजकूर वाचायचा. तत्त्व उत्तम होते.

पण हे तत्त्व मांडणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर माणसाचे आणि यंत्राचे अंक एकच असलेली भाषा होती. आपण मराठी पानावर १८.४४ लिहितो, असे प्रोग्रॅम सहसा इंग्रजी अंकांचीच अपेक्षा धरतात. म्हणजे यंत्रासाठी दुसरा आकडा कोठेतरी दडवणे आले. तारखांच्या बाबतीत ही अडचण इंग्रजीतही आली होती. यंत्रासाठी दडवलेली तारीख अंध वाचकांचे वाचकयंत्र मोठ्याने वाचून दाखवील, या काळजीने बीबीसीने २००८ मध्ये आपल्या कार्यक्रमांच्या पानांवरून ही पद्धत काढून टाकली. पुढे २०११ मध्ये गूगल, मायक्रोसॉफ्ट व याहू यांनी 'स्कीमा डॉट ऑर्ग' ही सामाईक शब्दावली आणली. आज ती बहुधा पानाच्या न दिसणाऱ्या भागातच लिहिली जाते. सोय झाली खरी, पण पुन्हा न दिसणाऱ्या मजकुरापाशीच आलो.

न दिसणारी चूक किती मोठी असू शकते? धायरी साधारण १८.४४ उत्तर, ७३.८१ पूर्व येथे आहे. काही पद्धती अक्षांश आधी मागतात, काही रेखांश. क्रम उलटला की आपली शाळा नॉर्वेच्या उत्तरेस, बेअर बेटाच्या दक्षिणेला समुद्रात जाते! नकाशावर मुलांना हे जरूर शोधायला लावावे.

दशांशस्थळांचेही तसेच. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा. दोन स्थळांपर्यंतचा आकडा किलोमीटरभर संदिग्ध, चार स्थळांपर्यंतचा सुमारे ११ मीटर. सहा स्थळे लिहिणारा ११ सेंटिमीटरचा दावा करतो, आणि हातातल्या फोनचे मोजमाप कित्येक मीटरनी चुकू शकते. तेव्हा चार स्थळे पुरेत. तीही देवनागरीत, पत्त्याखाली, 'उत्तर' व 'पूर्व' या शब्दांसह छापावीत. यंत्रासाठीचा आकडा त्यांच्याशी दरवर्षी ताडून पाहावा. आणि मोजणी शाळेच्या कोणत्या फाटकापाशी केली तेही लिहावे, कारण पुढचे व मागचे फाटक वेगवेगळ्या रस्त्यांवर असले की ११ मीटरचा नेमकेपणाही उपयोगाचा नाही.